डबल पाकळीचा लोंबता पेटुनिया: कुंडीत झकास, वाफ्यात भकास?

मुग्धा_बा
नमस्कार मंडळी, पेटुनियावर जुन्या धाग्यांत इकडेतिकडे दोन-चार ओळी सापडल्या पण मला हवं ते मिळालं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. आधी कुणी काढला असेल तर ॲडमिननी हा खुशाल उडवावा.

तर, आम्ही पुण्यात बावधनला. पूर्वेची बाल्कनी आहे, सकाळी छान ऊन येतं. दिवाळीनंतर नर्सरीतून डबल पेटुनियाची रोपं आणली, जांभळी आणि पांढऱ्या कडेची गुलाबी. बाल्कनीतल्या हँगिंग बास्केटमध्ये ती इतकी सुंदर आलीत की खालून जाणारे लोक मान वर करून बघतात. फुलं अगदी गच्च भरलेली. त्या नादात त्याच लॉटमधली रोपं मी सोसायटीच्या गेटपासून आत येणाऱ्या वाटेच्या कडेला, वाफ्यात लावली, म्हटलं जमिनीवर गालिचा होईल. तर गालिचा सोडा, तिथली रोपं पिवळी पडत चाललीत. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं, आणि तेही खालच्या जुन्या पानांचं नाही तर शेंड्याकडच्या कोवळ्या पानांचं. दुसरं म्हणजे ती पसरतच नाहीयेत, ताठ उभी आहेत. नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणे "ताई व्हरायटी तीच आहे, खत घाला". खत घातलं तर अजून पिवळी. आता सेक्रेटरी येता-जाता म्हणतात "शेवंती लावली असती तर निदान गणपतीला वाहता आली असती".

काय चुकतंय? आणि लोंबता डबल पेटुनिया जमिनीत लावतात की तो फक्त बास्केटचाच?

टवाळ_कार्टं
मी घाईत "डबल पाकिटाचा" वाचलं. बागकामाला तेच लागतं म्हणा.

कुंडलिक
मुग्धाताई, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी कुठलं आणि वाफ्याला कुठलं? आणि बास्केटमध्ये माती आहे की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा)? हे आधी सांगा मग बोलतो.

अण्णा_नागपूर
डबल पेटुनिया म्हणजे नुसता दिखावा, माझं स्पष्ट मत. सिंगल लावा. सिंगलचं फूल गळून पडतं, डबलचं वाळलं तरी झाडावरच चिकटून बसतं, तपकिरी बोळा नुसता. रोज खुडत बसा. आमच्याकडे नागपूरला डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक असते, तेव्हा सिंगलचे वाफे असे फुलतात की पान दिसत नाही. मधमाश्याही येतात. डबलवर मधमाशी फिरकत नाही, तिला काय तिथे पाकळ्या मोजायच्यात?

मुग्धा_बा
@कुंडलिक, बास्केटमध्ये कोकोपीट, गांडूळखत आणि थोडं परलाईट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे). वाफ्यात सोसायटीची काळी माती. पाणी म्हणाल तर बाल्कनीत घरातलं महापालिकेचं, आणि बागेची लाईन बोअरवेलवर आहे.

@अण्णा, मत पोचलं :)

कुंडलिक
मग कोडं सुटलंच की हो!!

तुमचं वर्णन म्हणजे लोहाची कमतरता, नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. नत्र कमी असतं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असती. पण गंमत अशी की मातीत लोह नसतं असं नाही, काळ्या मातीत भरपूर असतं, झाडाला ते घेता येत नाही. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) ७.५-८ च्या आसपास किंवा वरच, आणि पेटुनियाला लागतो साधारण ५.५ ते ६.२. त्यात बोअरचं पाणी जड. बादलीत पांढरे डाग राहतात ना, तोच क्षार रोज थोडा थोडा मातीत चाललाय. एकदा सामू वर गेला की लोह असं काही अडकून बसतं की मुळाशी असूनही नसल्यात जमा. सगळ्या झाडांना हे एवढं बाधत नाही, झेंडू मजेत असतो. पेटुनिया त्या बाबतीत फार नाजूक.

आणि त्यावर तुम्ही खत घातलंत. कुठलं घातलंत? डीएपी किंवा सुफला असेल तर त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की लोहाची अजून ओढाताण. म्हणून "अजून पिवळी".

मुग्धा_बा
डीएपी :(

टवाळ_कार्टं
नर्सरीवाला पण ना. डॉक्टरने "गोळी घ्या" म्हणावं आणि कुठली ते सांगू नये.

जांभ्यावरची_वेल
सावंतवाडीहून. आमच्याकडे बरोबर उलटं बघा. जांभ्याची माती आंबट, त्यामुळे पानं पिवळी पडायचा प्रश्न कधी आला नाही, हिरवीगार रोपं. पण डबल फुलं टिकत नाहीत. सकाळी दव एवढं पडतं की फूल पाणी धरून जड होतं, मान टाकतं, आणि आतल्या पाकळ्या एकमेकींना चिकटून कुजायला लागतात. बाहेरून फूल बरं दिसतं आणि हातात घेऊन उघडलं तर आत राखाडी बुरशीची लव. ती खुडून लांब टाकायची, कुंडीतच टाकली की बाकीच्यांना लागण. मी आता डबल फक्त पडवीच्या पत्र्याखाली टांगते, दव लागत नाही आणि ऊन तिरकं मिळतं. अंगणात सिंगल.

लीड्सची_काकू
जांभ्यावरची, अगदी अगदी. इथे इंग्लंडमध्ये दव सोड, पाऊसच. दरवर्षी एप्रिल-मे मध्ये गार्डन सेंटरमध्ये प्लग रोपं (ट्रेच्या छोट्या खणांतली बाळरोपं) येतात, दहिवर म्हणजे गोठलेलं दव पडायची भीती संपली की बाहेर टांगायची. मी दोन्ही लावते. सर्फिनिया म्हणजे जपानच्या सनटोरी कंपनीने १९८९ मध्ये आणलेल्या लोंबत्या पेटुनिया, हो तीच व्हिस्कीवाली सनटोरी, त्या पावसात भिजल्या तरी दोन दिवसांत सावरतात. डबलमध्ये टम्बेलिना म्हणून मालिका आहे, इथलीच, केंब्रिजजवळची पैदास. त्यातली प्रिसिला म्हणून फिकट जांभळी, गडद शिरांची. संध्याकाळी तिच्याजवळ बसावं, वास येतो चक्क! पण एक जोराची सर आली की सगळं फूल टिश्यू पेपर भिजल्यासारखं. म्हणून ती दाराच्या छपराखाली आणि सर्फिनिया पुढे उघड्यावर.

आणि मुग्धा, "पसरत नाहीत" हे मला खटकतंय. खरी लोंबती जात जमिनीत लावली तरी ताठ राहत नाही, ती पसरतेच. तुझी जात लोंबती आहे हे कुणी सांगितलं?

मुग्धा_बा
नर्सरीवाल्याने! "डबल कास्केड आहे ताई, कास्केड म्हणजे धबधबा" म्हणाला. बास्केटमध्ये तर कडेवरून खाली आलीय की.

रोपवाला_उरुळी
नमस्कार. मी इथे फक्त वाचतो, पण हा विषय आपल्या धंद्यातला म्हणून लिहितो. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

डबल कास्केड ही बियांपासूनची एफ-वन (पहिल्या पिढीची संकरित) जात आहे, मोठ्या फुलाची डबल. नाव कास्केड असलं तरी ती खरी लोंबती नाही, झुडपासारखी होते, फूटभर उंच फार तर सव्वा फूट. बास्केटमध्ये फुलाच्या वजनाने फांदी कडेवर झुकते म्हणून लोंबल्यासारखी दिसते. जमिनीवर ती उभीच राहणार. त्यामुळे ताईंच्या वाफ्यातली रोपं ताठ आहेत यात रोगबिग काही नाही, ती तशीच असतात.

खऱ्या पसरणाऱ्या दोन तऱ्हा. एक वेव्ह, सिंगल, बियांपासून होते. पर्पल वेव्ह १९९५ ला अमेरिकेत ऑल-अमेरिका निवडीत (नवीन जाती पारखून निवडतात ती) आली तेव्हापासून जगभर चालते. ही वाफ्यात लावा, एक रोप दोन-तीन फूट जागा धरतं, म्हणून दाटीने लावू नका. दुसरी तऱ्हा म्हणजे डबल आणि पसरणारी, डबल वेव्ह, टम्बेलिना वगैरे, या बियांपासून येत नाहीत, छाटाच्या (फांदीचा तुकडा लावून केलेल्या) रोपांपासूनच येतात. आपल्याकडच्या बहुतेक नर्सऱ्या पेटुनिया बियांपासूनच करतात, कारण छाटासाठी मातृझाडं उन्हाळा-पावसाळा जगवावी लागतात, त्याला पॉलिहाऊस पाहिजे. म्हणून कोणी "लोंबता डबल" म्हणून स्वस्तात देत असेल तर विचारा, बियांचा की छाटाचा. उत्तर द्यायला अडखळला तर समजून जा.

बी फार बारीक, एका ग्रॅमला नऊ-दहा हजार. म्हणून गोळी चढवलेलं बी येतं. ते मातीने झाकायचं नाही, उजेड लागतो, वर नुसतं फवाऱ्याने पाणी. आम्ही सप्टेंबरला टाकतो, पाऊस ओसरताना. चार-सहा पानं झाली की शेंडा खुडतो. गिऱ्हाईक फुललेलं रोप मागतं म्हणून काही लोक शेंडा न खुडता विकतात, ते रोप उंच होतं आणि बुडात उघडं पडतं. रोप घेताना फूल बघू नका, बुडाशी फुटवे किती ते बघा.

कुंडलिक
उरुळीकर, वाचनमात्र राहून अन्याय केलात आमच्यावर. लिहीत जा.

शेंडा_खुड
माझा आयडी सार्थकी लागला आज.

बॉटनीबाई
वर उरुळीकरांनी बी आणि छाट असा फरक सांगितला, त्याच्यामागचं थोडं सांगते, निवृत्त झाले तरी खोड जात नाही.

डबल फूल म्हणजे जास्तीच्या पाकळ्या येतात कुठून, तर बऱ्याचशा पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात. म्हणून अण्णांची मधमाशी नाराज, तिच्यासाठी पराग उरतो थोडाच आणि वाटही बुजलेली. डबल झाडाचा स्त्रीकेसरही बहुधा निकामी, त्याला बी धरत नाही. मग डबलचं बी येतं कुठून? तर पेटुनियात डबलपणाचा गुण प्रभावी आहे. डबल फुलात जो काही थोडा पराग सापडतो तो घेऊन सिंगल झाडाच्या फुलावर हाताने लावायचा. बाप डबल, आई सिंगल. बाप शुद्ध डबल असेल तर सगळी रोपं डबल, नाहीतर साधारण निम्मी. हे गणित बसवून सगळी डबल येणारं बी जपानच्या साकाता कंपनीने १९३०च्या दशकात बाजारात आणलं आणि त्या काळी त्याचा प्रचंड बोलबाला झाला. त्याआधी पाकिटातून किती डबल निघतील हे नशिबावर.

आणि एक, हे झाड टोमॅटो-वांगी-तंबाखूच्या कुळातलं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं. आजचे सगळे बागेतले पेटुनिया दोन रानजातींच्या संकरातून आले, एक पांढरी, संध्याकाळी वास सोडणारी, तिच्यावर रात्री पतंग येतात, आणि दुसरी जांभळी, दिवसाची, मधमाश्यांची. लीड्सच्या काकूंना संध्याकाळी वास येतो तो त्या पांढऱ्या आजीकडून. लाल-गुलाबी जातींना बहुधा वास नसतोच.

जाता जाता: नारिंगी पेटुनिया निसर्गात नसतो. १९८७ मध्ये जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेत मक्याचा एक जनुक पेटुनियात घालून विटकरी-नारिंगी फूल केलं होतं, प्रयोगापुरतं. पुढे २०१५ मध्ये हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनबाहेर एका वनस्पतीशास्त्रज्ञाला कुंड्यांत नारिंगी पेटुनिया दिसले, त्यांनी एक देठ खिशात घालून प्रयोगशाळेत तपासला तर तोच मक्याचा जनुक! २०१७ मध्ये युरोप-अमेरिकेत अशा कितीतरी जाती बाजारातून काढून नष्ट कराव्या लागल्या. विकणाऱ्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता की आपण काय विकतोय.

टवाळ_कार्टं
म्हणजे स्टेशनबाहेरच्या कुंडीतलं देठ तोडून खिशात घालणं ही फक्त आमच्या आत्याची सवय नाही, आंतरराष्ट्रीय संशोधनपद्धती आहे. कळवतो तिला.

जर्सीची_मावशी
टवाळा, :D :D

इथे न्यूजर्सीत मदर्स डेला सगळ्या दुकानांत पेटुनियाची भरलेली बास्केट्स येतात. मुलं आणून देतात आणि जुलैत ती झाडू झालेली असते, टोकाला दोन फुलं आणि मागे नुसत्या काड्या. फेकू नका! सरळ निम्मी छाटायची, खत द्यायचं, तीन-चार आठवड्यांत परत भरते. पहिल्यांदा हात धजावत नाही. आणि बास्केटला रोज पाणी, उन्हाळ्यात दोनदा, आणि पाण्यातून खत वाहून जातं म्हणून आठवड्याला पातळ खत. पेटुनिया खादाड आहे.

शेवंती
सेक्रेटरींना माझा आयडी दाखवा मुग्धा.

मला वेगळाच त्रास. कळ्यांना भोकं. आधी वाटलं गोगलगाय, पण चकाकता माग कुठे नाही. पानांवर काळे मोहरीएवढे दाणे. कळी उघडून बघितली तर आत हिरवी अळी आरामात बसलेली. बाहेरून कळी शाबूत आणि आतला सगळा गर फस्त.

कुंडलिक
घाटेअळी. हरभऱ्यावर आणि टोमॅटोवर येते तीच, पेटुनिया टोमॅटोचा भाऊबंद म्हणून इथेही. ते काळे दाणे तिची विष्ठा. थोडी रोपं असतील तर संध्याकाळी टॉर्च घेऊन हाताने वेचा. जास्त असतील तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस, ऊन उतरल्यावर फवारा, अळी लहान असतानाच चालतं, मोठी झालेली फारशी दाद देत नाही. निंबोळी अर्काने थोडा फरक पडतो, पण कळीच्या आत शिरलेलीला तोही गाठत नाही.

अण्णा_नागपूर
डबलच्या कळीत तिला लपायला जागाही डबल. मी म्हणतच होतो.

शेवंती
अण्णा, सिंगलवर पण आहे हो :|

बॉटनीबाई
कुळाचा विषय निघालाच आहे तर, माळीबुवा तंबाखू मळणारे असतील तर त्यांना पेटुनियाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायला सांगा. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हाताने पसरतो. पानं चट्टेरी, आखडलेली, आणि त्याला औषध नाही, रोप उपटूनच टाकावं लागतं. टोमॅटोलाही तेच.

मुग्धा_बा
बापरे. आमचे माळी नाहीत पण सेक्रेटरी मळतात. आणि सारखे येऊन पानं उलटीपालटी करून बघतात.

टवाळ_कार्टं
संशयित सापडला. धागा गुन्हे विभागात हलवावा.

वाचनवेडी
थोडं अवांतर: पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात पेटुनियाच्या कुंड्या बघितल्या तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, ते लोक फुलं एवढी एकसारखी कशी आणतात?

रोपवाला_उरुळी
कुंड्या रोज फिरवतात, चारी बाजूंनी ऊन लागावं म्हणून. प्रदर्शनाच्या आधी ठरवून शेंडा खुडतात म्हणजे सगळे फुटवे बरोबर एका वेळी फुलावर येतात. आणि पाणी बुडाला देतात, फुलावर थेंब नाही. आणि जी दिसत नाहीत ती अर्धी रोपं घरी बाजूला काढलेली असतात.

लीड्सची_काकू
वाळकी फुलं खुडण्याबद्दल अण्णांचं अर्धं बरोबर आहे. सर्फिनिया-वेव्ह यांना खुडायची फारशी गरज नाही, त्या आपोआप पुढे फुलत राहतात. डबलला बी धरत नाही म्हणून फुलणं थांबत नाही खरं, पण तो वाळका बोळा ओला होऊन बुरशी धरतो, म्हणून काढायचाच. नुसत्या पाकळ्या ओढू नका, देठासकट चिमटीने. हात चिकट होतात, झाडावरच्या लवेतला चिकटपणा आहे तो, साबणाने जातो.

अण्णा_नागपूर
अर्धं बरोबर म्हणजे या धाग्यावर माझा विक्रम.

मुग्धा_बा
सगळ्यांचे आभार, पण आता वाफ्याचं करू काय? जानेवारी अजून अख्खा आहे.

कुंडलिक
तीन रस्ते, आवडेल तो घ्या.

तात्पुरता: चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. पण साधं ईडीटीएचं घेतलंत तर चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही, त्यासाठी ईडीडीएचए प्रकारचं असतं, महाग पण आपल्या मातीत तेच चालतं. लालसर पाणी होतं, बुडाला ओतायचं. आठवड्या-दीड आठवड्यात नवीन पानं हिरवी यायला लागतील, जुनी पिवळी सगळी सुधारतीलच असं नाही, त्यांच्याकडे बघत बसू नका. हिराकस (फेरस सल्फेट) घालू नका, काळ्या मातीत ते घातल्या घातल्या अडकतं. डीएपी बंद. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पाण्याचा: बोअरच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड. पण किती ते सामूच्या पट्ट्यांनी मोजून, अंदाजपंचे नको. सोसायटीच्या पाइपलाइनला हे कोण करणार, म्हणून हा रस्ता कागदावरच ठीक.

आणि मी स्वतः करतो तो: वाफ्यात खड्डा करून दहा-बारा इंची कुंड्या काठापर्यंत पुरा. आत कोकोपीट-गांडूळखताचं मिश्रण, तुमच्या बास्केटमधलंच. वरून बघणाऱ्याला वाफाच दिसतो. कुंडीच्या भोकाखाली खडी टाका, नाहीतर काळी माती पाणी धरते आणि मूळ कुजतं. आणि दोन कुंड्यांच्या मध्ये वेव्हचं एक-एक रोप असंच कुंडीत लावून पुरा, ते पसरून फटी झाकेल. डबल उभा राहू दे मागे, पुढे वेव्ह लोळेल. गालिचा त्याचाच होणार, डबलचा नाही.

जांभ्यावरची_वेल
हे कुंडी पुरायचं मस्त आहे. मार्चनंतर काढून घेता पण येईल.

मुग्धा_बा
कुंडलिक, हे करते! वेव्ह मात्र शोधावा लागेल. उरुळीकर, आत्ता मिळेल का, की उशीर झाला?

रोपवाला_उरुळी
मिळेल, पण फुललेलं मोठं रोप घेऊ नका, छोट्या पिशवीतलं घ्या. आत्ता लावलं तर फेब्रुवारीत भरेल, मार्चअखेर उन्हाने थकेल. पुण्यात पेटुनियाचं राज्य तेवढंच.

वाचनवेडी
मग मार्चमध्ये छाट घेऊन उन्हाळ्यात ठेवता येतील का? पुढच्या वर्षी परत विकत नको.

बॉटनीबाई
छाट लागतात, बिनफुलाचा तीन इंची शेंडा, खालची पानं काढून ओल्या कोकोपीटमध्ये, दोन-तीन आठवड्यांत मुळं. बेंगळुरूला असतात तर हो म्हटलं असतं. पुण्यात एप्रिल-मे आणि मग पावसाळा, एवढ्यातून नेणं म्हणजे शेडनेट, वर पावसाला आडोसा आणि खाली बुरशीवर नजर. एखादं आवडतं झाड असेल तर करा हौसेने. आणि टम्बेलिनासारख्या जातींच्या लेबलवर पुनरुत्पादनाला मनाई लिहिलेली असते, विकायला करू नका.

लीड्सची_काकू
मी तर बाई लेबल वाचतच नाही.

टवाळ_कार्टं
काकू, स्क्रीनशॉट घेतलाय.

शेवंती
कुंडलिक, काल रात्री टॉर्च घेऊन गेले, सात अळ्या निघाल्या. नवरा म्हणे वॉचमन विचारत होता कोण फिरतंय म्हणून. बीटीचं पाकीट किती दिवस टिकतं उघडल्यावर?

कुंडलिक
पावडर असेल तर घट्ट बंद करून, कोरडं, सावलीत ठेवा आणि पाकिटावरची तारीख बघा. पाण्यात कालवलेलं मात्र त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.